मानेमागची बट

केस कायमचे कुरळे करता येतात, ही गोष्ट बिदरच्या बायकांना पहिल्यांदा मी सांगितली. आणि करू नका, असंही त्यांतल्या एकीला मीच सांगितलं. धंदा बुडायला एवढं पुरेसं असतं. पुढं आयुष्यभर मी लग्नातल्या नवऱ्या सजवल्या, हजारो खोपे घातले, त्यातलं फारसं काही आठवत नाही. पण दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असा निरोप आला आणि डोळ्यांपुढं आली ती पडद्यामागची ती खोली. जिथं मान खाली गेली ती जागा माणूस विसरत नाही, असं दिसतं.

आम्ही हडपद, म्हणजे लिंगायतांतले केस कापणारे. गळ्यात लिंग आमच्याही आहे आणि काम हीच पूजा असं आम्हीही म्हणतो. पण ज्यांच्या दाढ्या माझे वडील, अप्पा, करायचे त्यांच्या घरात ते ओसरीच्या पुढं कधी गेले नाहीत. शाळेत बाईंनी ‘वडील काय करतात’ विचारलं, की मी ‘दुकान आहे’ म्हणायची. कसलं ते सांगायची नाही. गावमध्यातल्या चौबारा बुरुजामागच्या बोळात दोन खुर्च्या आणि एक डागाळलेला आरसा, एवढंच ते दुकान. बाजाराच्या दिवशी अप्पा लाकडी पेटी घेऊन आसपासच्या गावांना जायचे. पेटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी आणि खिजाबाच्या पुड्या. खिजाब म्हणजे पांढरे केस काळे करायची भुकटी. अप्पा ती घरीच मुर्दाडशिंग नावाचा दगड आणि चुना खलून बनवायचे. वर आणखी काय घालायचे आणि कुणाला विकायचे, ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. “खुर्चीवर बसलेल्याचं खुर्चीतच ऱ्हातंय,” एवढंच म्हणायचे. अप्पांनी मला शिकवलेला धंद्याचा हा एकच नियम.

आई गेली तेव्हा मावशीनं मला सिकंदराबादला नेलं. मावशी तिथं एका गोऱ्या मॅडमच्या घरी कामाला होती. मॅडमच्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापायचं, धुवायचं, कुरळे करायचं दुकान होतं. आधी मी फक्त टॉवेल वाळत घालायची. मग मॅडमनं माझ्या हातात कंगवा दिला आणि काही वर्षांनी सगळंच दिलं. पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर एकेक करत गोरी गिऱ्हाइकं मायदेशी गेली आणि शेवटी मॅडमही निघाली. जाताना तिनं मला केस गुंडाळायच्या नळ्या, पिनांचे डबे आणि औषधाच्या बाटल्या दिल्या. त्या घेऊन मी बिदरला परत आले.

ज्या पोरीनं शाळेत बापाचा धंदा लपवला, तिच्यासाठी बापानं दुकानाच्या मागची खोली रिकामी केली. मागच्या बोळातून बायकांना वेगळं दार पाडलं, मध्ये जाड पडदा लावला, आणि पुढं पाटी रंगवून घेतली. ‘बायकांचे केस सिकंदराबाद पद्धतीने परमनंट कुरळे करून मिळतील.’ ती पाटी टांगताना अप्पांनी डोक्याला रुमाल बांधला होता, जणू घरात बारसं होतं. मला मात्र पाटीखाली उभं राहायला नको वाटत होतं.

नाव परमनंट, पण टिकणार पाचसहा महिने. त्या दिवसांत परमनंट हा शब्द लोकांना सरकारी नोकरीमुळं माहीत होता, त्यामुळं बायकांना वाटायचं की एकदा केलं की पेन्शनीपर्यंत बघायला नको. खरं काम असं: केसांचे पातळ पातळ पदर करायचे, प्रत्येक पदर कागदात धरून नळीवर गुंडाळायचा, त्यावर औषध लावायचं. औषधाला वास असा की शेजारचे लोक मोरीत काही मेलंय का बघायला यायचे. त्या औषधानं केस आतून मऊ पडतो आणि नळीचा आकार घेतो. मग दुसरं औषध लावून तो आकार पक्का करायचा. मुळातून नवा केस येतो तो मात्र सरळच येतो, त्याला आपल्या औषधाची काही खबर नसते.

मॅडमचा एक कायदा होता. डोक्याला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं, केसांना काय काय लावता. आणि काहीही उत्तर आलं तरी मानेमागची एक बारीक बट घेऊन तिच्यावर औषध लावून बघायचं. बाई खोटं बोलेल, बट बोलणार नाही, असं ती तिच्या मोडक्या उर्दूत सांगायची.

गिऱ्हाइकं आली, पण करून घ्यायला कमी आणि ठरवायला जास्त. मुलींच्या शाळेच्या हेडबाई दर रविवारी मागच्या दारानं यायच्या. आरशापुढं बसून म्हणायच्या, “कानाजवळ करू या का फक्त?” मी नळी हातात घेतली की म्हणायच्या, “पोरी हसतील गं.” मग चहा पिऊन जायच्या. असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी मला कळलं की बाईंना कुरळे केस नको होते, ठरवायला कुठंतरी बसायला हवं होतं. मद्रासकडून आलेल्या एका डॉक्टरांच्या बायकोनं मात्र हिमतीनं करून घेतलं. फार सुंदर झालं. तेल लावू नका, म्हणून मी तिला तीन भाषांत बजावलं. घरी गेल्यावर सासूला त्या कोरड्या केसांची दया आली आणि तिनं वाटीभर खोबरेल चोळून शिकेकाईनं न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी बाई दारात उभी. डोक्यावर कुरळं काही नाही, सरळही काही नाही.

असं असताना महादेवी आली.

मन्नाएखेळ्ळीच्या एका व्यापाऱ्याची मुलगी, बिदरात चांगल्या घरी दिलेली. नवरा हैदराबादेत सरकारी कचेरीत होता आणि ही सासरी बिदरात. लग्नाला चार वर्षं झाली तरी त्यानं तिला नेलं नव्हतं. आधी घर मिळत नाही हे कारण होतं. घर मिळाल्यावर कारण बदललं. साहेब लोकांच्या बायका कशा राहतात आणि ही कशी राहते, असं त्याचं म्हणणं झालं. एवढं मोठं घर आमच्याकडं येतंय म्हटल्यावर मी खुर्ची दोनदा पुसली. हिचे केस नीट झाले की तिच्या नात्यातल्या सगळ्या येतील, हेडबाईसुद्धा ठरवतील, असा माझा हिशोब होता.

ती तोंडावरून पदर घेऊन बोळातून आली. बसली आणि खोपा सोडला. केस गुडघ्यापर्यंत, रेशमाच्या लडीसारखे आणि काळेभोर. त्यांना लवंगेचा मंद वास होता. मला वाटलं, तेलात घालत असेल.

“अक्का, एवढ्या लांब केसाला हे धरायचं न्हाई. खांद्यापर्यंत कापावं लागतंय.”

“कापा.”

आमच्या भागात सवाष्णीच्या केसांना कुणी कात्री लावत नाही. अप्पांनी उभ्या जन्मात लावली नव्हती. मी विचारलं, “सासूबाईंना चालंल?”

“त्यांचं हे बघतील. हेच म्हनत्यात, केस तसे करून घे, मग नेतो.” मग म्हणाली, “चार वर्सं झाली, गौराबाई. लोक आता इचारायचंबी बंद झालेत.”

मी नियमाप्रमाणं विचारलं, केसांना काय लावता. खोबरेल म्हणाली, शिकेकाई म्हणाली. मेंदी किंवा खिजाब? ती हसली. “अगं बाई, माझं वय काय, तू इचारायलीस काय.” ते उत्तर नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण चांगल्या घरच्या बाईला दुसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली.

केस करायच्या ठरल्या दिवशी नवराही आला. तो पुढच्या दारानं येऊन अप्पांच्या खुर्चीत दाढीला बसला, ती मागच्या दारानं माझ्याकडं. मध्ये पडदा. अप्पांना ती दिसली नाही, आणि तिच्या नवऱ्याला ते ओळखत नव्हते. बाकावर आणखी दोघंतिघं नंबर लावून बसले होते.

मी मानेमागची बट घेतली, औषध लावलं. बट बोटांत गरम व्हायला लागली. औषध लावल्यावर केस तापत नाही, निदान असा नाही. बघता बघता तिचा काळा रंग मातकट हिरवा झाला. मी घाईनं पाणी ओतलं, टॉवेलनं टिपायला गेले, तर बट तुटून माझ्या हातात आली. मॅडमनं असंच एकदा दाखवलं होतं. मुर्दाडशिंगात शिसं असतं, ते खिजाबातून केसांत मुरतं. शिसं आणि आमचं औषध भेटलं की केस जळतो.

ती आरशातून माझ्या हाताकडं बघत होती. मी ओणवी होऊन हळूच विचारलं, “कवापासून लावायलाव?”

“सोळाव्या वर्सापासून. आई आणून देती.”

“आनखी कुणाला ठावं हाय?”

“आईला. आन आता तुला.”

ती रडली नाही. पदर डोक्यावर घेतला, पुन्हा खाली टाकला. म्हणाली, “कळलं तर हे न्यायचे न्हाईत. म्हातारी पोरगी काळी करून गळ्यात बांधली म्हनतील. माझी धाकटी भैन लग्नाची हाय. तिला कोन करंल?” मग एकदम म्हणाली, “तू कर तसंच. ऱ्हातील तेवढे ऱ्हातील.”

“ऱ्हायचे न्हाईत, अक्का. हातात येतील.”

“मग त्यांना काय सांगू? मी न्हाई म्हनले असं सांगू? मग तर झालंच.”

खिजाब कुठून आणतात ते मी विचारलं नाही. विचारायचं कारण नव्हतं. अप्पांसारखे करणारे पाचपन्नास, शिवाय हैदराबादेतून पुड्या येत त्या वेगळ्या.

पडद्यापलीकडून नवऱ्याचा आवाज आला, “किती वेळ लागंल हो? माझी मोटार चुकंल.”

त्या क्षणी माझ्यापुढं तीनच गोष्टी होत्या. तिचे केस जाळायचे, तिचं नाव जाळायचं, नाहीतर माझं. हे मी आज लिहिताना शौर्यासारखं दिसतं. तसं काही नव्हतं. मला भीती वाटत होती आणि अप्पांचा नियम आठवत होता. मी मॅडमच्या लांब पिना काढल्या आणि तिचे केस आत वळवून मानेवर एक मोठा गुंडाळलेला अंबाडा घातला, सिकंदराबादच्या बायका पार्टीला घालायच्या तसा. बट तुटल्याची जागा त्यात झाकली गेली. मग मी पडदा बाजूला केला.

“साहेब, हे काम मला जमायचं न्हाई. एवढे लांब केस मी कधी केलेले न्हाईत. मला तेवढं येत न्हाई.”

अप्पांचा वस्तरा हवेत थांबला. साहेबांच्या अर्ध्या गालाला साबण होता. “येत न्हाई? मग पाटी कशाला लावलीस?”

बाकावरचा एकजण म्हणाला, “सिकंदराबादेत भांडी घासली असतील हिनं.” बाकीचे हसले. अप्पांच्या दुकानात अप्पांच्या मुलीवर लोक हसले. मी अप्पांकडं बघितलं नाही, बघवलंच नाही. कानाची पाळी गरम झालेली तेवढी आठवते.

तेवढ्यात महादेवी पडद्यातून पुढं आली. नवऱ्यानं तिच्या मानेकडं, अंबाड्याकडं बघितलं. मागं जाऊन बघितलं. “हे बरं दिसायलंय की,” म्हणाला. “त्या कुरळ्यापेक्षा हेच ऱ्हाऊ दे.” महिन्याभरात तो तिला हैदराबादला घेऊन गेला, असं बोळातल्या बायकांकडून कळलं. त्या दिवशी दुकानातून जाताना तिनं मागं वळून बघितलं नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही, तेव्हा तरी.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही आणि केस कापायच्या दुकानातून तर मुळीच लागत नाही. हेडबाई यायच्या थांबल्या. ज्यांना ठरवायचं होतं त्यांचं एकदमच ठरलं. थोड्या दिवसांनी सकाळी उठून बघते तर पाटी नव्हती. अप्पांनी स्वतः उतरवून धान्याच्या कणगीमागं उलटी ठेवली होती. त्यानंतर ते माझ्याशी नीट बोललेच नाहीत. जेवायला मी वाढलं की खाली बघून जेवायचे, पाणी हवं असेल तर तांब्या वाजवायचे. जो माणूस पाटी लावताना रुमाल बांधून उभा होता त्याला माझं तोंड बघवत नव्हतं. बापाला आपली लाज वाटते, हे घरात रोज दोन वेळा बघत जेवणं काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. खरं सांगून टाकावं असं कितीदा मनात आलं. पण खुर्चीवरचं खुर्चीत ठेवायला शिकवलं होतं ते त्यांनीच. औषधाच्या बाटल्या मी मोरीत ओतल्या. लग्नाच्या घरी नवरीची वेणी-फणी करायला जायला लागले.

भाषावार प्रांत झाले, बिदर म्हैसूर राज्यात गेलं, त्याच सुमाराची गोष्ट. हळ्ळीखेडला एका मोठ्या घरी लग्न होतं आणि नवरीच्या आत्यानं मला बोलावलं होतं. मी नवरीच्या मागं कंगवा घेऊन बसले आणि समोरून महादेवी आली. अंगावर हैदराबादी साडी, चेहरा भरलेला. मानेवर तोच अंबाडा, तशाच पिना. मी घातलेला अंबाडा तिनं इतकी वर्षं स्वतः घालायला शिकून घेतला होता.

आत्या म्हणाली, “ही गौरा, सिकंदराबादेत शिकलेली.”

महादेवीनं माझ्याकडं बघितलं, एखाद्या खांबाकडं बघावं तसं. “हिला कामून बोलावलाव? हिला येत न्हाई. माझ्या वेळंला भर दुकानात हात वर केले हिनं. इचारा कुनालाबी.”

खोलीत पंधरावीस बायका होत्या. मी बसलेली, ती उभी, त्यामुळं मला तिचा भांग खालून दिसत नव्हता, पण कानशिलाजवळ दिसत होतं. तिथं मुळाशी बारीक पांढरी रेघ उगवली होती. लग्नाच्या धावपळीत लावायचं राहिलं असेल. एक बोट तिकडं केलं असतं तरी पुरलं असतं. आणि मला आनंद झाला. ती रेघ दिसली म्हणून मला खरोखर आनंद झाला, ओठांवर शब्द आला. तिच्या बोलण्याची मला जेवढी लाज वाटली नाही तेवढी त्या आनंदाची वाटली, आजही वाटते.

मी कंगवा खाली ठेवला. “व्हय, अक्का म्हनत्यात ते खरं हाय,” म्हणाले. नवरीची वेणी दुसऱ्या बाईनं घातली.

घरी आले तेव्हा अप्पा ओसरीवर वस्तरा पट्ट्यावर ओढत होते. इतके दिवस दाबलेलं सगळं एकदम वर आलं. मी म्हणाले, “अप्पा, मला काम येतंय. लोक काय म्हनायचं ते म्हनू दे, पर मला येतंय.”

“म्हाईत हाय मला.”

पट्ट्यावरचा हात थांबला नव्हता.

“त्या दिशी सांजच्याला दुकान झाडलो मी,” अप्पा म्हणाले. “तुझ्या खोलीत एक बट घावली. हिरवी झालेली. नाकाला लावून बघितलो. लवंग.” मग हात थांबला. “माझ्या पुडीत मी लवंगेचं तेल घालतो. मुर्दाडशिंगाचा वास मरतो. दुसरं कुणी घालत न्हाई.”

आठ-दहा वर्षं बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी आईच्या हातात जी पुडी जात होती ती आमच्याच घरातली होती. माझ्या बापाची पुडी आणि माझी बाटली एकाच डोक्यावर भेटली होती.

“माझ्याच हातानं तुझं दुकान बुडालं,” अप्पा म्हणाले. “लोक हसले तवा मी वस्तरा धरून उभा ऱ्हायलो. नंतर पाटी बघवंना म्हून उतरून ठेवली. कुठल्या तोंडानं बघू तुझ्याकडं?”

म्हणजे इतके दिवस खाली बघून जेवत होते ते माझी लाज वाटत होती म्हणून नव्हे. मला रडू आलं आणि रागही आला. “मग मला तरी सांगायचं, अप्पा. घरातल्या घरात.”

अप्पांनी कितीतरी वर्षांनी सरळ माझ्याकडं बघितलं. “तू सांगितलीस का मला?”

मी चूल पेटवायला आत गेले. त्या दिवशी अप्पांनी तांब्या वाजवला नाही, पाणी दे म्हणाले. एवढं सगळं बोलणं झालं, पण त्या बाईचं नाव अप्पांनी घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही.

अप्पा आता नाहीत. ती बाई आहे की नाही मला माहीत नाही, तिची मुलंबाळं असतील, त्यांतलं कुणी हा अंकही वाचेल. म्हणून शेवटी एवढं सांगते. ती मन्नाएखेळ्ळीची नव्हती, आणि ते लग्नही हळ्ळीखेडला झालं नाही. महादेवी हे माझ्या आईचं नाव आहे.